उसना ताण

गेल्या वर्षी आषाढात माझ्या एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीचे थोडेसे पैसे हाती आले. लेखकाच्या घरी पैसे येतात ते घाईत असलेल्या पाहुण्यासारखे; चहा व्हायच्या आतच ते वहाणा शोधू लागतात. म्हणून ते उंबऱ्याबाहेर पडण्यापूर्वीच मी मुलीला घेऊन नव्या पेठेत गेलो आणि तिला बॅडमिंटनची एक बऱ्यापैकी रॅकेट घेऊन दिली. मुलगी तेव्हा नववीत होती. तीन वर्षे ती मामेभावाच्या जुन्या रॅकेटीवर न कुरकुरता खेळत आली होती. तेव्हा हा खर्च उधळेपणात मोडत नाही, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली.

घरी आल्यावर रॅकेटीला हळदकुंकू लागले. माझ्या आईच्या राज्यात कोणतीही नवी वस्तू, मग तो मिक्सर असो की मोबाईल, हळदकुंकवावाचून वापरात येत नाही. ते कुंकू वाळते न वाळते तोच मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या हे गटिंग कापून नवीन करून आणू या."

माझ्या ऐकण्यात काही चूक झाली असावी, असे मला वाटले.

"कापून?"

"हो. कंपनीचे गटिंग कुणीच ठेवत नाही. आमच्याकडची मोठी मुले रॅकेट आणल्याआणल्या कापतात."

पलीकडे आई वाती वळत बसली होती. आमच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांसाठी तिने पस्तीस वर्षे घरी कांड्या भरल्या आहेत. तिचे हात थांबले. "काय गं, नव्या मागावरचा चांगला ताणा कापतीस व्हय?" ती म्हणाली.

मी घरातल्या कर्त्या पुरुषाला शोभेल असा निकाल दिला. तार तुटेपर्यंत खेळावे, तुटल्यावर बघू. मुलगी गप्प बसली. पण तिचे गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, हे आमच्या घरच्या मांजरालाही ठाऊक आहे.

वाचकांपैकी काहींना हा प्रश्न अगदीच चिमुकला वाटेल. दीड हजाराची रॅकेट आणि चारशे रुपयांची तार, यात विचार करण्यासारखे ते काय? मलाही आधी तसेच वाटले. पण त्या रात्री झोप येईना. चांगली, नवी, न वापरलेली वस्तू कापून टाकणे बरोबर की चूक? आणि चूक असेल, तर दुसऱ्याने कोणासाठी तरी लावून दिलेल्या तारेवर आपले खेळणे जन्मभर बेतत राहणे, हे तरी बरोबर कसे?

ज्यांच्या घरी हा खेळ नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. रॅकेटीच्या जाळीला आपल्याकडे सर्रास 'गटिंग' म्हणतात. पूर्वी ही तार जनावरांच्या आतड्यापासून करीत, त्याची ही खूण. पिंजाऱ्याच्या कमानीला लागते ती तांत आणि ही तार एकाच कुळातली. सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये मलायात परदेशातले विजेतेपद जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्या काळी रॅकेटीची चौकट लाकडी असे, आणि ती वाकू नये म्हणून खेळ संपल्यावर तिला शिकंजात आवळून ठेवावे लागे. आता चौकट कार्बनच्या धाग्यांची असते, तार बहुधा नायलॉनची. जाडी पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. एका रॅकेटीला सुमारे दहा मीटर लागते.

ही तार किती ओढून बसवली आहे ते पौंडांत मोजतात. दुकानात तयार मिळणाऱ्या साध्या रॅकेटीला कारखान्यात वीस पौंडांच्या आसपास ताण दिलेला असतो. अव्वल खेळाडू अठ्ठावीस-तीस पौंडांपर्यंत जातात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जितका ताण अधिक तितका फटका जोरदार, असे आपल्याला वाटते. खरे तर उलट आहे. सैल तार थोडी आत जाते आणि शटलला उसळून परत लोटते. ज्याच्या मनगटात अजून वेग नाही त्याला ती मदत करते. घट्ट तार काहीच मदत करीत नाही. ती फक्त आज्ञा पाळते. शटल नेमके हवे तेथे जाते, पण जोर सगळा स्वतःचा लावावा लागतो. आणि तो नसेल तर खांदा आणि कोपर दुखू लागतात.

शिवाय तार बसल्या जागीही सैलावते. कारखान्यात ओढल्यापासून गोदामात, मालमोटारीत, दुकानाच्या खुंटीवर तिचे महिने जातात, आणि आमच्या सोलापूरचा उन्हाळा तर माणसालाही सैल करून सोडतो. म्हणजे कारखान्याने दिलेला ताणसुद्धा आपल्या हाती येईपर्यंत पुरता उरलेला नसतो.

हे सगळे कळले तरी आईचा प्रश्न सुटत नव्हता. कारण आईने तो तारेविषयी विचारलाच नव्हता. ताण्याविषयी विचारला होता.

सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १८७७ साली येथे जुनी मिल सुरू झाली, आणि तेव्हापासून हे गाव सुताच्या आधाराने उभे आहे. मिलचे भोंगे आता वाजत नाहीत. पण पूर्व भागातल्या गल्लीतून जाताना मागांचा खडखडाट अजून पायांना जाणवतो. माग म्हणजे तरी काय? उभा ताणा, आडवा बाणा, आणि त्यांतून जाणारा-येणारा धोटा. रॅकेटीची जाळीही तशीच विणलेली असते. आधी उभ्या तारा ओढून घ्यायच्या, मग आडवी तार एकीच्या वरून, दुसरीच्या खालून काढायची. सोलापूरच्या चादरीवर मोर आणि फुले उमटतात, इथे नक्षी नाही, एवढाच फरक. आणि सोळा पिसांचे ते फूल, ज्याला आपण शटल म्हणतो, त्याचे नावच मुळी धोट्यावरून आले आहे; इंग्रजीत शटल म्हणजे धोटा. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी हा खेळ 'पूना' या नावाने खेळत. त्यांना तो धोटा आठवत असेल की नाही कोण जाणे. आम्हाला मात्र दुसरे काही आठवूच शकत नाही.

माझे वडील मागावर होते. मी लहानपणी त्यांना डबा द्यायला जाई, तेव्हा ते धाग्यावर अलगद बोट ठेवून ताण पाहत. ताण जास्त झाला की धागे तटातट तुटतात. कमी झाला की कापड ढिले, एकसारखे होत नाही. कोरड्या उन्हाळ्यात सूत अधिकच तुटे, म्हणून शेडमध्ये पाणी शिंपडीत. तुटलेला धागा वडील सांधीत, आणि सांधा कुठे आहे ते दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाही सापडत नसे. अशा माणसाच्या घरात "चांगली तार कापायची" हे शब्द शिवीसारखे ऐकू येणार, यात नवल नाही. कुणीतरी ती ओढली आहे, कुणीतरी गाठ मारली आहे. आपण त्याला ओळखत नाही, एवढ्याने त्याचे श्रम कमी होतात काय?

आणि तरीही याच आईच्या घरात नवी वस्तू जशी आली तशी कधीच वापरीत नाहीत. नवा माठ आधी दिवसभर भिजत घालतात, आणि पहिले पाणी झाडांना जाते. लोखंडी तव्याला तेल पाजतात. पाट्याला टाकी लावल्यावाचून त्यावर चटणी वाटली जात नाही. गणपतीची मूर्ती पेणहून डोळ्यांची आखणी होऊन येते. पण घरच्यांनी प्राणप्रतिष्ठा करीपर्यंत ती मातीच असते. मिरजेत तंबोरे करणारे कारागीर आहेत. तंबोरा तारा चढवून, जवारी काढून दुकानात टांगलेला असतो. पण जाणता गवई तो तसाच घेऊन जात नाही; आपल्या गळ्याला मानवेल अशी जवारी पुन्हा लावून घेतो. घोडीवरच्या तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकला की तोच तंबोरा वेगळा बोलू लागतो. यात कुणाला मूळ कारागिराचा अपमान झाला असे वाटत नाही. उलट, घेणाऱ्याच्या हातासाठी जागा ठेवून देणे हीच त्याच्या कारागिरीची शेवटची पायरी असते.

मग रॅकेटीनेच काय पाप केले?

दुसऱ्या रविवारी मी मुलीला घेऊन गटिंग करणाऱ्या काकांकडे गेलो. एका जिन्याखाली त्यांची जागा आहे. एक यंत्र, एक स्टूल, आणि भिंतीला टांगलेली तारेची वेटोळी. पूर्वी ते मागावर जॉबर होते. मागांचे काम कमी झाल्यावर हे शिकले. त्यांनी रॅकेट हातात घेतली, तारेवर बोट ठेवले, आणि मला क्षणभर माझ्या वडिलांचे बोट दिसले.

"किती पौंड करू?"

"अठ्ठावीस," मुलगी म्हणाली.

काकांनी रॅकेटीच्या दांड्यापाशी छापलेला बारीक आकडा वाचला. चौकटीला जास्तीत जास्त किती ताण सोसेल, ते तेथे लिहिलेले असते. अठ्ठावीस त्यात बसत नव्हते. पण ते त्याविषयी काही बोलले नाहीत. त्यांनी विचारले, "आता या तारेत तुला काय कमी पडतं?"

मुलगी गोंधळली. "ही कंपनीची आहे ना..."

"ते झालं. तुझ्या हाताला काय कमी पडतं?"

तिला उत्तर देता आले नाही. नव्या रॅकेटीवर ती अजून खेळलीच नव्हती. अठ्ठावीस हा आकडा तिने कुण्या मोठ्या खेळाडूविषयी ऐकला होता. काकांनी रॅकेट परत दिली. "दोन महिने खेळ. मग ये आणि काय कमी पडतं ते सांग. मी लगेच कापतो." एवढे बोलून ते दुसऱ्याच्या रॅकेटीकडे वळले. समोर चालून आलेले चारशे रुपये त्यांनी परत पाठविले होते.

परतताना मुलगी हिरमुसली होती आणि मी मनातल्या मनात विजयी झालो होतो. माझाच निकाल काकांनी कायम केला, असे मला वाटले. पण घर येईपर्यंत तो आनंद ओसरला. कारण माझा निकाल आणि काकांचा निकाल एक नव्हता. मी म्हणालो होतो, तार तुटेपर्यंत खेळ. ते म्हणाले होते, तुझा हात बोलेपर्यंत खेळ. पहिल्यात तारेचा मान होता. दुसऱ्यात तारेचाही मान होता आणि हाताचाही.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. वीस वर्षांहून अधिक काळ मी मुलांना निसर्गदृश्य शिकवीत आलो आहे. ते तुम्हीही काढले असेल. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी, नारळाचे झाड, आणि आकाशात चार-पाच पक्षी. सोलापूरच्या पोरांनी नारळाची झाडे किती पाहिली असतील ते देवास ठाऊक. पण हे चित्र चुकत नाही. हा कारखान्याचा ताण आहे. तो कुणा एका मुलासाठी नाही, पण कुणाही मुलाला चालतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. एलिमेंटरी परीक्षेच्या सरावाला तिने एकदा मागाची शेड काढून आणली. सूर्य नव्हता, डोंगर नव्हते. काळोख्या खोलीत वरच्या झरोक्यातून पडलेला एक कवडसा, आणि त्यात तरंगणारा सुताचा कचरा. तो कचरा तिने कागदावर खडूने टिपला होता. मी त्या चित्राकडे बराच वेळ पाहिले. मला ते आवडले होते, हे मी आज लिहू शकतो. त्या दिवशी मी म्हणालो, "छान आहे, पण परीक्षेत असे नको. मी सांगतो तसे काढ." तिने तसे काढले. तिला ए श्रेणी मिळाली.

दोन वर्षांपूर्वी ती मला टिळक चौकात भेटली. कडेवर मूल होते. "सर, मला ए ग्रेड मिळाली होती, आठवतं का?" ती आनंदाने म्हणाली. मी विचारले, "आता काही काढतेस का?" ती हसली. "छे हो सर. ते तेव्हा परीक्षेपुरतं." तिची माझ्याविषयी काहीच तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. तिचा हात बोलला होता, आणि तो ऐकण्यासाठी ज्याला पगार मिळत होता त्याने तो ऐकला नव्हता.

त्यानंतर मी उलट टोकाला गेलो. एका वर्गाला पहिल्याच दिवशी सांगितले, मनाला येईल ते काढा, कोणताही नियम नाही. चाळीस मुले चाळीस कोऱ्या कागदांपुढे बसून राहिली. अखेर एका मुलाने भीत भीत विचारले, "सर, डोंगर काढले तर चालेल का?" मी हसलो, पण त्या मुलाचे चुकले नव्हते. ज्याच्या हातात अजून एकही रेष नाही त्याला कोणती रेष नको, हे कळणार कसे? पहिल्या दिवशी तार कापणारा स्वतःची तार लावीत नाही. तो एका परक्याची तार काढून दुसऱ्या परक्याची लावतो. फरक इतकाच की पहिला परका कारखान्यात असतो आणि दुसरा टेलिव्हिजनवर.

मला वाटते, दुसऱ्यांनी लावून दिलेल्या तारांविषयी एवढेच नीतीने सांगता येईल. आईबापांनी दिलेल्या सवयी, शाळेने दिलेले धडे, जातीपातीने आणि गल्लीने दिलेली मते, या सगळ्या तयार रॅकेटीवरच्या तारा आहेत. त्यांचा ताण आपला नसतो. कारखान्यापुढे आपला हात नव्हता, हातांची सरासरी होती. म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या तारेवर खेळूनच आपल्याला आपला हात कळतो, हे तिचे ऋण आहे. पण ऋण फेडायचे म्हणजे ती तार जन्मभर मिरवायची, असे नाही. हात कळण्याआधी कापणे हा उतावीळपणा. हात कळल्यावरही न कापणे याला आपण आज्ञाधारकपणा म्हणतो. बहुतेक वेळा ती भीती असते. उधळपट्टी या दोन्हींत आहे. पहिलीत चारशे रुपये जातात. दुसरीत काय जाते, ते मी टिळक चौकात पाहिले.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मुलगी आपण होऊन म्हणाली, "बाबा, काकांकडे जायचंय." या वेळी मी वाटेत काही बोललो नाही. काकांनी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मागच्या कोपऱ्यातून मारलेलं शटल पोचतं. पण जाळीपाशी हलकं टाकायला गेलं की उंच उडतं. मला तिथे ते हातात राहिल्यासारखं पाहिजे."

काकांनी मान हलविली. "तेवीस करू. अठ्ठावीस नाही."

"तेवीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात नाराजी नव्हती.

मग त्यांनी तार कापली. मला वाटले होते, एका कडेने सुरुवात करून कात्री चालवतील. तसे करीत नाहीत. मध्यापासून सुरुवात करायची, एक उभी, एक आडवी, असे करीत बाहेर यायचे. एकाच बाजूची तार आधी कापली तर उरलेली तार चौकटीला एका अंगाने ओढते आणि चौकट वाकते. जुने टाकून देतानाही ते सगळीकडून सारखे सोडावे लागते, नाही तर जे ठेवायचे आहे तेच मोडते. हे ते काका बोलले नाहीत. त्यांनी फक्त कापून दाखविले.

कापलेल्या तारेचे वीतभर तुकडे मुलीने कागदात गुंडाळून घरी आणले. का, ते मी विचारले नाही. तिने ते आजीपुढे ठेवले. आईने एक तुकडा बोटांत धरून दोन्हीकडून ओढून पाहिला, आणि काही न बोलता पुडी फडताळात ठेवली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आकाशकंदिलाच्या कामट्या बांधायला दोरा सापडेना, तेव्हा ती पुडी बाहेर आली. नायलॉनची गाठ घसरते, म्हणून आईने प्रत्येक सांध्याला दोन-दोन फेरे दिले आणि वरून आपल्या पद्धतीची गाठ मारली. मुलगी कामट्या धरून बसली होती.

"लई वढू नगं," आई तिला म्हणाली. "कामटी मोडंल."

"किती ओढू, आजी?"

"तुझ्या हाताला कळंल की."